स्मरणशक्तीच्या गोळ्या, चूर्णे आणि अरिष्टे एकत्र घेतली तर?

वृंदा

नमस्कार. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. हृदयात स्टेंट बसवल्यापासून ते ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज घेतात. त्याखेरीज थायरॉईडसाठी थायरॉक्सिन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. अलीकडे ओळखीच्या माणसांची नावे त्यांना पटकन आठवत नाहीत, आणि हे लक्षात आल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय आणला. थोरल्या दिरांनी न्यूजर्सीहून गिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. नणंदेने अश्वगंधाच्या गोळ्या आणल्या. सारस्वतारिष्ट सासूबाईंच्या कपाटात आधीपासूनच असते. बी-कॉम्प्लेक्स कोणी सुरू केले हे आता कोणालाच आठवत नाही. त्यात परवा नाक्यावरच्या दुकानातून 'मेंदूसाठी' म्हणून एक कॅप्सूल आली, जिच्या डबीवर ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, वेखंड, अश्वगंधा आणि काळ्या मिरीचा अर्क अशी नावे आहेत.

प्रत्येक बाटलीवरची सूचना मी वाचली आणि तिच्यापुरती ती ठीक वाटली. मात्र या सगळ्यांची बेरीज एकाच शरीरात होते तेव्हा काय होते, हे कोणत्याही बाटलीवर लिहिलेले नाही. यांतील कशाचा गुण येतो आणि कशाचा नाही हा वाद येथे नको. एकमेकांसोबत आणि चालू औषधांसोबत यांची सुरक्षितता काय, एवढेच जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

काउंटरमागून

वृंदाताई, मी फार्मसिस्ट आहे आणि माझे औषधांचे दुकान आहे. पहिले काम असे करा की यादी बाटल्यांची न करता घटकांची करा. तुमच्या वर्णनावरूनच दिसते की अश्वगंधा सासऱ्यांच्या पोटात तीन वाटांनी जात आहे: नणंदेची गोळी, नवी कॅप्सूल आणि सारस्वतारिष्ट, कारण त्या अरिष्टाच्या पाठात अश्वगंधाही असते. ब्राह्मी आणि वेखंड दोन वाटांनी जात आहेत. तीन उत्पादने तिघांनी आणली असल्याने आपण एकच वनस्पती तिप्पट देत आहोत, हे घरात कोणाच्याही ध्यानात येत नाही.

दुसरा मुद्दा रक्तस्रावाचा. ॲस्पिरिन रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही. गिंको आणि जास्त मात्रेतील माशाचे तेल यांचाही कल त्याच दिशेला असतो. निरोगी माणसाने नुसते गिंको घेतले तर फारसे बिघडताना दिसत नाही; प्रश्न येतो तो ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त गोठू न देणारी औषधे आधीपासून चालू असलेल्यांचा. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी गिंको सुरू केल्यावर त्यांच्या डोळ्यात आपोआप रक्तस्राव झाल्याची नोंद १९९७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मान्य, परंतु वॉरफरिनसोबत गिंको घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचे प्रमाण वाढलेले पुढे मोठ्या नोंदींमध्येही आढळले. सासऱ्यांचा दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या कॅप्सूलविषयी डॉक्टरांना किमान दोन आठवडे आधी सांगा. 'कोणती औषधे चालू आहेत' या प्रश्नाचे उत्तर देताना लोक गोळ्यांची पाकिटे पुढे करतात आणि परदेशातून आलेली बाटली घरीच राहते, हे मी रोज पाहतो.

तिसरा मुद्दा काळ्या मिरीच्या अर्काचा, जो यादीच्या शेवटी असल्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्यातील पायपरीन हे द्रव्य आतड्यातील आणि यकृतातील, औषधांचे विघटन करणाऱ्या काही विकरांना (एन्झाइम्सना) मंदावते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतील मुख्य द्रव्यासोबत) केवळ २० मिलिग्रॅम पायपरीन दिले तर कर्क्युमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. उत्पादक हा आकडा जाहिरातीत अभिमानाने छापतात. पायपरीनला मात्र कर्क्युमिन कोणते आणि आकडीचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल किंवा दम्याचे थिओफिलिन कोणते, हा भेद कळत नाही. या तिन्ही औषधांची रक्तातील पातळी पायपरीनमुळे वाढल्याचे मानवी अभ्यासांत दिसले आहे. आमटीतल्या चार मिरीदाण्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मी बोलतो आहे ते ९५ टक्के शुद्ध अर्काबद्दल.

यकृत आणि थायरॉईड यांबद्दल त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहावे, म्हणून येथे थांबतो.

पोटदुखी

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. नाव गमतीने घेतले असले तरी मजकूर गंभीर आहे. अश्वगंधामुळे होणारी यकृताची इजा विरळ आहे, तरी ती आता सर्वमान्य आहे. आइसलंड आणि अमेरिका येथील रुग्णांची पहिली लक्षणीय मालिका २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतातील रुग्णांची मालिका २०२३ मध्ये आली. चित्र बहुधा सारखे असते: सुरू केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत अंगाला खाज, गडद लघवी आणि कावीळ. थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात, परंतु ज्यांना यकृताचा जुनाट आजार आधीपासून होता त्यांच्यापैकी काहींचा जीव गेला आहे. मधुमेही माणसाच्या यकृतात चरबी साठलेली असणे फार सामान्य आहे आणि पुष्कळदा ते त्याला ठाऊकही नसते. तेव्हा सासऱ्यांची यकृताची तपासणी एकदा करून घ्या.

एकत्र घेण्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण निदानाची आहे. कावीळ झालेला रुग्ण सात बाटल्या टेबलावर ठेवतो तेव्हा दोषी कोण हे ठरवण्याचा कोणताही भरवशाचा मार्ग आमच्याकडे नसतो. हळद आणि मिरीच्या अर्काच्या गोळ्या, तीव्र हिरव्या चहाचा अर्क आणि अश्वगंधा या तिन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि हे तिन्ही घटक 'मेंदूसाठी'च्या एकाच डबीत असू शकतात. मग सगळेच बंद करावे लागते, आणि त्यातले एखादे पुढे चालू ठेवण्याजोगे होते का, हे कायमचे अनुत्तरित राहते.

थायरॉईडविषयी: अश्वगंधामुळे काही जणांत थायरॉईड हार्मोनची पातळी वाढते. थायरॉक्सिनची मात्रा बेताने जुळवलेली असताना त्यावर ही भर पडली, तर स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीत धडधड वाढणे हा किरकोळ दुष्परिणाम म्हणता येत नाही. त्यातच बी-कॉम्प्लेक्समध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत असेल, तर अनेक प्रयोगशाळांमधील टीएसएचच्या (थायरॉईड हार्मोन वाढले की कमी होणाऱ्या हार्मोनच्या) चाचणीत आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणजे एक गोळी थायरॉईड खरोखर वाढवते आणि दुसरी गोळी तो वाढल्याचा आभास निर्माण करते. अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांनी यांपैकी काय समजावे? हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीही बायोटिनमुळे चुकीची 'निर्दोष' येऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवा आणि प्रयोगशाळेला तसे सांगा.

बी६ जीवनसत्त्वाचेही पाहा. ते दीर्घकाळ जास्त घेतले तर पायांत मुंग्या येतात, बधिरपणा येतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली, आणि काही गोळ्यांत ते याहून कितीतरी अधिक असते. मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की दोष मधुमेहाकडे जातो आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक बी६ असलेली गोळी लिहून दिली जाते, असेही घडते.

वैद्यबाई

मी आयुर्वेदाची पदवीधर असून वीस वर्षांहून अधिक काळ चिकित्सा करते. वरील दोन्ही प्रतिसादांतील बरेचसे मला मान्य आहे, पण काही भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

शास्त्रात सांगितलेले अश्वगंधा म्हणजे मूळ. ते चूर्णरूपाने, दुधातून किंवा तुपातून, प्रकृती पाहून आणि ठरावीक काळापुरते दिले जाते. बाजारातील अनेक गोळ्यांत मात्र अर्क असतो, आणि काही उत्पादक त्यात स्वस्त पडणारी पानेही वापरत. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली ती याच कारणाने. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली, तिच्यावरही मूळ, पान आणि अर्क यांतील फरक पुरेसा विचारात घेतला नाही असा आक्षेप घेतला गेला आहे. त्या बंदीशी मी सहमत नाही, परंतु म्हणून तीन उत्पादनांतून तिप्पट अश्वगंधा घ्यावी असे त्यातून सिद्ध होत नाही.

ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक बकोपा, म्हणजे जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. दुसरी मंडूकपर्णी, जी महाराष्ट्रात कुंडीत लावलेली सर्रास दिसते. स्मरणशक्तीवरचे बहुतेक आधुनिक अभ्यास बकोपाच्या अर्कावर, साधारण ३०० मिलिग्रॅम रोज आणि तीन महिने, असे झालेले आहेत. डबीवर वनस्पतिशास्त्रीय नाव नसेल तर त्या अभ्यासांचा फायद्याचा किंवा सुरक्षिततेचा दाखला तुमच्या कॅप्सूलला लागू होतोच असे नाही.

सारस्वतारिष्टाबद्दल एक गोष्ट घरोघरी विसरली जाते. अरिष्ट आंबवून तयार होते आणि त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. त्याचे प्रमाण साधारणपणे ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान बाटलीवर छापलेले असते. त्याखेरीज त्यात साखर आणि मधही असतो. मधुमेही रुग्णाने, आणि झोपेची किंवा चिंतेची गोळी घेणाऱ्याने, ते वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जटामांसी आणि अश्वगंधा दोन्ही शामक आहेत. अशा शामक गोष्टी रात्री एकत्र आल्या, तर पहाटे लघवीला उठताना म्हातारी माणसे पडतात, आणि मांडीचे हाड मोडण्याची किंमत विस्मरणापेक्षा फार मोठी असते.

वेखंड अशोधित, म्हणजे शुद्धीची प्रक्रिया न करता, वापरू नये, असे आमचे शास्त्रही सांगते. त्याच्या काही जातींतील बीटा-ॲसारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई केली. कॅप्सूलमधले वेखंड शोधित आहे की नाही, हे डबीवरून कळत नाही.

शेवटी शंखपुष्पी. हे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. केईएम रुग्णालयात आकडीसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या आकड्या शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर पुन्हा होऊ लागल्या. तेथील औषधशास्त्र विभागाने उंदरांवर तपासणी केली तेव्हा, त्या सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी खाली येते आणि त्याचा आकडीविरोधी परिणामही कमी होतो, असे आढळले. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पी देणाऱ्या पालकांनी, मुलाला आकडीचे औषध चालू असेल तर, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

काउंटरमागून

वैद्यबाई, या अभ्यासाची आठवण करून दिल्याबद्दल आभार. आता मी वर लिहिलेले पायपरीन त्याच्या शेजारी ठेवून पाहा. शंखपुष्पीचे ते सिरप फेनिटॉइन खाली आणते आणि मिरीचा अर्क त्याला वर नेतो. वृंदाताईंच्या डबीत दोन्ही एकत्र आहेत. आकडीच्या रुग्णाने ती घेतली तर पातळी कोणत्या बाजूला झुकेल हे रक्ततपासणीशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. 'दोन्ही परिणाम एकमेकांना रद्द करतील' असे मानणे हा शुद्ध जुगार होईल.

न्यूजर्सीकर

मी वृंदाताईंचा दीर नाही, पण अशाच बाटल्या गावी पाठवणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे दोन शब्द अमेरिकी बाटलीबद्दल. येथे १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहाराच्या उत्पादनाला बाजारात येण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही; ते सुरक्षित असल्याची जबाबदारी उत्पादकाची असते आणि प्रशासन बहुधा तक्रार आल्यानंतर हालचाल करते. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा उत्पादनांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, अमेरिकेत मंजूर नसलेली पाच औषधे सापडली होती. त्यांत फेनिबट होते, ज्याची सवय लागते आणि ते अचानक सोडल्यास त्रास होतो. व्हिनपोसेटिनही होते, ज्यामुळे गर्भपात किंवा गर्भाला इजा होऊ शकते असा इशारा २०१९ मध्येच दिला गेला होता. काही डब्यांवर या घटकांचा उल्लेख नव्हता, तर काहींवर छापलेली मात्रा आणि आतील मात्रा जुळत नव्हती.

वृंदाताईंनी परिणामांचा वाद नको म्हटले आहे, तरी गिंकोबद्दल एक आकडा देतो, कारण धोका पत्करायचा तो कशासाठी हे ठरवताना तो उपयोगी पडेल. पंचाहत्तरीच्या पुढच्या ३,०६९ जणांवर झालेल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको घेऊनही स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी झाले नाही.

पेठकर

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि आमच्या अभ्यासिकेत या विषयाची वेगळीच बाजू दिसते. येथे कोणी सारस्वतारिष्ट घेत नाही. कॅफिनची २०० मिलिग्रॅमची गोळी, त्यावर 'घबराट कमी व्हावी' म्हणून एल-थिअॅनिन, संध्याकाळी एनर्जी ड्रिंक आणि मधूनमधून चहा असा क्रम असतो. काहीजण अल्फा-जीपीसी ही स्मरणशक्तीसाठी म्हणून विकली जाणारी गोळी मागवतात, काहींकडे मोडाफिनिल या झोप घालवणाऱ्या औषधाची पाकिटे असतात. तरुण आणि निरोगी माणसाला यात खरोखर धोका आहे का, की हा सगळा धागा ज्येष्ठांसाठीच आहे?

काउंटरमागून

पेठकर, धागा तुमच्यासाठीही आहे. निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅम आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम कॅफिन ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. एका गोळीतच तुमची एका वेळची मर्यादा संपते. भारतात कॅफिनयुक्त पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ पर्यंत. त्यात चहा आणि कॉफी मिळवा. निम्मे कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा डबा मध्यरात्रीही अंगात असतो. थिअॅनिनमुळे हाताचा कंप कदाचित कमी जाणवेल, पण शरीरातले कॅफिन तेवढेच राहते. उलट इशारा देणारे लक्षण झाकले गेल्याने आणखी एक गोळी घेतली जाते.

आणखी एक गोष्ट मेसमध्ये जेवणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. जुलाब लागले की मुले सिप्रोफ्लॉक्सासिन आणतात. हे प्रतिजैविक कॅफिनचे विघटन करणाऱ्या विकराला अडवते, आणि मग नेहमीचीच मात्रा अंगावर येते: छाती धडधडते, रात्रभर झोप लागत नाही आणि दोष आजारपणाला दिला जातो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्येही कॅफिन जवळपास दुप्पट काळ टिकते. मोडाफिनिल हे चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, रक्तदाब वाढवू शकते, आणि क्वचित त्याने त्वचेवर जिवावर बेतणारी पुरळ येते. त्याच्या जोडीला कॅफिनची गोळी घेण्याचे कोणतेही समर्थन मला सुचत नाही. नैराश्याचे औषध चालू असलेल्या मित्राने ५-एचटीपी किंवा सेंट जॉन्स वर्ट असलेली 'मूड आणि एकाग्रता' गोळी तर अजिबात घेऊ नये. सेरोटोनिन वाढून ताप, थरथर आणि गोंधळलेपणा अशी आणीबाणीची अवस्था येऊ शकते.

अल्फा-जीपीसीविषयी दक्षिण कोरियातील सुमारे १.२ कोटी लोकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२१ मध्ये आला. ते लिहून दिलेल्यांमध्ये पुढील दहा वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळले. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. तरीही केवळ अभ्यासासाठी ते घेणाऱ्याने हे माहीत असूनच निर्णय घ्यावा.

वृंदा

सर्वांचे मनापासून आभार. घटकांची यादी केली तेव्हा अश्वगंधा खरोखरच तीन ठिकाणी निघाली आणि बी६ दोन ठिकाणी. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर गिंको, नवी कॅप्सूल आणि अश्वगंधा बाजूला ठेवली आहे. ॲस्पिरिन, थायरॉक्सिन आणि मेटफॉर्मिनला हात लावलेला नाही. सासूबाई अरिष्ट सोडायला तयार नव्हत्या, पण बाटलीवरची मद्यार्काची ओळ त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच ती वरच्या फळीवर ठेवली.

दोन प्रश्न उरतात. डॉक्टरांनी डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचे औषध सुरू केले तर ब्राह्मी पुढे देता येईल का? आणि असा काही त्रास आढळला तर तो कोठे कळवायचा?

पोटदुखी

डोनेपेझिल मेंदूतील ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे विघटन रोखते. बकोपाचा थोडासा आणि हुपरझिन-ए या परदेशी गोळ्यांतील घटकाचा चांगलाच तसा परिणाम आहे. ते एकत्र आले तर उलट्या, जुलाब, नाडी मंदावणे आणि चक्कर येणे हे दुष्परिणाम वाढू शकतात, त्यामुळे हुपरझिन पूर्णपणे टाळा आणि ब्राह्मीचा निर्णय नाडीची गती व ईसीजी पाहून डॉक्टरांनाच घेऊ द्या. उलट बाजूने, सर्दीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या डोनेपेझिलच्या विरुद्ध काम करतात आणि म्हाताऱ्या माणसांत स्वतःच विस्मरण वाढवतात. त्यांचीही नोंद यादीत करा.

परंतु डोनेपेझिलपर्यंत जाण्यापूर्वी बी१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत, आणि शाकाहारी असल्यास अधिकच, ते कमी होते. त्याची कमतरता आणि बिघडलेला थायरॉईड ही विस्मरणाची दोन कारणे अशी आहेत की ज्यांवर सरळ उपचार आहे. बी-कॉम्प्लेक्स आधीच चालू असल्याचे सांगून मगच रक्त द्या, नाहीतर बी१२चा आकडाही फसवा येईल.

काउंटरमागून

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि तेथे रुग्ण किंवा नातेवाईकही थेट तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी औषध दक्षता व्यवस्था आहे. कळवताना उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि सोबत चालू असलेली सर्व औषधे लिहा. डबी संपली तरी टाकू नका, कारण बॅच क्रमांक तिच्यावरच असतो. डॉक्टरांनी यांतले काही पुन्हा सुरू करायला सांगितले, तर एका वेळी एकच सुरू करा आणि पुढचे किमान दोन आठवड्यांनी. खाज, गडद लघवी, अंगावर निळे डाग किंवा शौचास काळी झाली तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.